गावपळणीतले नऊ आकडे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, देवळात उभं राहून मनातल्या मनातसुद्धा नाही. बारा वर्षं झाली. आता सांगतेय ते पश्चात्तापाने झोप उडालीय म्हणून नव्हे — मी नीट जेवते, नीट झोपते, कामावर वेळेत जाते. मग आत्ताच का? शेवटी कळेल. नाही कळलं तरी माझी हरकत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. हे वाचून कुणी म्हणणार असेल, की बघा, यंत्र आलं आणि बिचारं माणूस गेलं — तर त्याने इथेच थांबावं. यंत्राने काहीही केलेलं नाही. आणि गावपळणीचं नाव ऐकून नाक मुरडणार असाल तर तुम्हीही थांबा. खापर फोडायला डोकं हवं असेल तर माझं आहे. दुसरं शोधू नका.

मालवणच्या बाजूला, आमच्या खाडीच्या तोंडाशी, एक छोटं संशोधन केंद्र आहे. दोन खोल्या, पुढे जेटी, जेटीच्या टोकाला खांब आणि खांबावर एक बल्ब. त्या बल्बला बटण नव्हतं. वायरमनने तो थेट मेनवर जोडून दिला होता, त्यामुळे तो भर दुपारीही जळत असायचा आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण आम्हाला वीज फुकट घालवल्याबद्दल टोमणे मारायचा. केंद्राचं काम म्हणाल तर अगदी साधं. खाडीच्या पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजायचा, रोज, न चुकता, वर्षानुवर्षं. खाडीत कोण जगतं, कोण मरतं, हे त्या दोन आकड्यांवर ठरतं.

हे मोजायचं काम सुलूकाकी करायची. नात्यातली नव्हे, पण गावात सगळ्यांची काकी. सकाळी आठ, दुपारी बारा, दुपारी चार — एकोणीस वर्षं, रोजंदारीवर. बादलीने पाणी काढायचं, थर्मामीटर बुडवायचा, मग काचेची ती लांबट नळी पाण्यात तरंगत सोडायची आणि ती किती वर राहते त्यावरून लिटरमागे किती ग्रॅम मीठ ते वाचायचं. पण नळी सोडण्याआधी ती एक करायची. बोट बुडवून पाण्याचा थेंब जिभेवर ठेवायची आणि रजिस्टरच्या कडेला पेन्सिलीने अंदाज लिहायची. मग नळी. मग शाईने खरा आकडा. पेन्सिल आणि शाई यांत एक-दोनाहून जास्त फरक मी कधी पाहिला नाही.

आणि मी? मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली, कंत्राटावर आलेली गावातलीच पोर. पोर कसली — एकोणतीस वर्षांची होते. वय लहान होतं असं म्हणून मी सुटणार नाहीये. केंद्राला नवीन मीटर मिळाला होता. त्याचे सेन्सर जेटीखाली पाण्यात कायम बुडलेले आणि मीटरच्या पडद्यावर आकडे. पण पडद्यावरचे आकडे बघून वहीत उतरवायला पुन्हा माणूसच लागणार, मग उपयोग काय? मीटरच्या पाठीमागे केबल जोडायची जागा होती. मी त्यातून कॉम्प्युटरला तार जोडली आणि एक प्रोग्रॅम लिहिला. दर दहा मिनिटांनी कॉम्प्युटर मीटरला विचारणार, मीटर उत्तर देणार, आणि तारीख-वेळेसकट एक ओळ आपोआप लिहिली जाणार. कुणी शिकवलेलं नव्हतं. तीन महिने डोकं आपटलं, तेव्हा जमलं. त्या कामाचा मला तेव्हाही अभिमान होता आणि आजही आहे. तो प्रोग्रॅम अजून चालतो.

सहा महिने दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी ठेवून बघायच्या, असं ठरलं होतं. काकीचे हाताने घेतलेले आणि माझे यंत्राचे. जुळले आणि यंत्राच्या नोंदीत कुठे खंड पडला नाही, तर माझं कंत्राट जाऊन मी कायम होणार. खंड पडला तर चाचणी पुन्हा पहिल्यापासून — आणि माझं कंत्राट तेवढ्यात संपणार. काकीचं काय, असं विचाराल. सेन्सरवर शेवाळ धरतं, बारीक शिंपले चिकटतात, ते रोज खरवडावे लागतात. ते काम तिला द्यायचं हे केंद्राच्या प्रमुखांनी, आमच्या सरांनी, आधीच ठरवलं होतं. म्हणजे माझ्या यंत्रामुळे कुणाच्या पोटावर पाय येणार नव्हता. हे लक्षात ठेवा. माझ्याकडे तेवढंही कारण नव्हतं.

पाच महिने आकडे जुळत गेले. इतके, की मला त्याचा राग यायचा. हो, राग. काकी यायची, रजिस्टर ठेवायची, माझ्या पडद्याकडे बघायची आणि म्हणायची, तुझा मशीन बरोबर सांगता गो. जणू काही ती माझ्या यंत्राची परीक्षा घेत होती आणि उदार मनाने त्याला पास करत होती! परीक्षा तिची होती की माझ्या यंत्राची? मला वाटायचं, एकदा तरी हिचं चुकावं. एकदाच. हे मी कुणापुढे बोलले नाही, पण मनात ते होतं. मग लपवू कशाला?

मार्गशीर्षात देवाने कौल दिला आणि गावपळण ठरली. बाहेरच्यांसाठी सांगते — तीन-चार वर्षांतून एकदा आमचा अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. शिवेपलीकडे झावळ्यांच्या खोपी उभारायच्या आणि गाव देवाला मोकळा करून द्यायचा. मागे कुणीही राहायचं नाही. पुन्हा कौल झाला की परत यायचं. पुढच्या आठवड्यात पाहुणे शास्त्रज्ञ येणार होते. त्यांच्यातल्या एकाने फोनवर सरांना विचारलं, की ही पळण जरा पुढे ढकलता येईल का. सर कपाळाला हात लावून हसले. मी म्हटलं, गाव गेला तरी यंत्र कुठे जातंय सर, त्याला सुट्टी लागत नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, मोठ्याने.

निघायच्या दिवशी सकाळी घरात जे चालतं तेच आमच्याकडे चाललं होतं. चूल विझवायची, पाणी ओतून द्यायचं, दिवे बंद, मेन स्विच खाली, दाराला कुलूप. घरचा मेन मीच ओढला. आईने विचारलं, ओढलास ना? म्हटलं, ओढला. मग तशीच धावत केंद्रावर कुलूप लावायला गेले. आत बघितलं, खिडक्या लावल्या, आणि दाराबाहेर पडता पडता हात वर गेला आणि मी केंद्राचाही मेन खाली ओढला.

काहीही विचार न करता. पळणीला घर सोडताना जो हात वर जातो, तो गेला. आमच्या गावातल्या माणसाशिवाय ही चूक कुणाच्या हातून होणं शक्य नाही.

वाटेत काकी दिसली. सगळ्यांच्या डोक्यावर टोप, गाठोडी, बगलेत कोंबड्या — आणि तिच्या डोक्यावर थर्मामीटरची आणि नळीची ती लाकडी पेटी, टॉवेलात गुंडाळलेली. तिची खोप पलीकडच्या तीरावर, भावाच्या जागेत होती. मी हसले. म्हटलं, काकी, देवाक पण मोजतलंस काय? ती पण हसली.

म्हणजे पेटी तिच्याबरोबर होती हे मी पाहिलं होतं. हे वाक्य मी पुन्हा वाचते आहे. मी पाहिलं होतं.

चौथ्या दिवशी गाव परत भरला. मी केंद्र उघडलं, तर पडदा काळा. आधी वाटलं, लाईट गेली असेल. मग वर बघितलं, मेन खाली. कॉम्प्युटरच्या बॅटरीने तासभर तग धरला होता, त्यानंतर काही नाही. तीन दिवस, तीन रात्री — दर दहा मिनिटांना एक, म्हणजे चारशे बत्तीस ओळी. एकही नाही.

सरांना फोन करायला हवा होता. सर, माझ्याकडून मेन बंद झाला. किती वेळ लागला असता हे वाक्य बोलायला? नोकरी गेली असती कदाचित. कदाचित नसतीही. मी फोन केला नाही. मी खुर्चीत बसले आणि अर्ध्या तासात एक दुसरा छोटा प्रोग्रॅम लिहिला. आधीच्या तीन दिवसांचे आकडे घ्यायचे, दिवसागणिक भरती पाऊण-पाऊण तास पुढे सरकते हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तेवढं सरकवायचं, आणि शेवटचा अंक थोडा इकडे-तिकडे हलवायचा, म्हणजे खरं वाटेल. चारशे बत्तीस ओळी अलगद जाऊन बसल्या. आलेख बघितला तर सांधा कुठे आहे ते मलाच सापडेना. इतकं देखणं खोटं मी आयुष्यात पुन्हा लिहिलं नाही.

हीच ती कबुली, असं वाटलं तुम्हाला? एवढंच असतं तर मी केव्हाच सांगून मोकळी झाले असते. लोक याहून मोठं खोटं करतात आणि सत्यनारायण घालतात.

काकी पळणीच्या तीनही दिवशी मोजत होती. खाडीच्या मधून आमच्या गावाची शीव जाते. ती भावाची होडी घेऊन रोज तीन वेळा मधोमध यायची, शिवेच्या अलीकडे थांबायची, गावात पाऊल न टाकता बादली सोडायची. देवाचंही राखलं आणि केंद्राचंही. नऊ वेळा आली, नऊ आकडे. ते असे होते — एकतीस, एकोणतीस, बावीस, चौदा, नऊ, सात, तेरा, बावीस, तीस. शेजारी पेन्सिलीचे अंदाज, तेही तसेच.

आणि माझे चारशे बत्तीस? सगळे तिशीच्या वर, शांत, एका रेषेत.

महिना संपला तेव्हा सरांनी दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. पाच महिने हातात हात घालून चाललेल्या दोन रेषा, आणि त्यातली एक मध्येच विहिरीत पडावी तशी खाली गेलेली. पाऊस नव्हता, काही नव्हतं. मार्गशीर्षात खाडीचं पाणी गोडं होतं कधी? सरांनी रजिस्टरची तारीख बघितली आणि त्यांच्या लगेच लक्षात आलं — म्हणजे त्यांना तसं वाटलं — की हे पळणीचे दिवस. गावात चिटपाखरू नव्हतं. बाईने खोपीत बसून मनाचे आकडे ठोकून दिलेत.

त्या क्षणी त्या खोलीत कुठली रेषा खोटी आहे हे ठाऊक असणारी मी एकटी होते. निदान मला तसं वाटत होतं.

त्यांनी काकीला बोलावलं. माझ्यासमोरच. ती पदर खोचून, ओल्या हातांनी आली. सरांनी विचारलं, तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाणी गोडा झाला होता, सायबानू. मी चाखून बघलंय." होडीचंही सांगितलं. सर वाईट नव्हते हो. ओरडले नाहीत. पण एकीकडे जीभ आणि दुसरीकडे कॉम्प्युटर, त्यांनी काय धरायचं? ते माझ्याकडे वळले.

"तुम्ही इथल्याच. त्या तीन दिवसांत जेटीवर कुणी होतं का?"

"नाही सर," मी म्हटलं. "गावात कुणीच नव्हतं."

यात एक शब्द तरी खोटा आहे का? शोधून दाखवा. जेटीवर कुणी नव्हतं, गावात कुणी नव्हतं. होडी शिवेपलीकडे होती. पेटीबद्दल त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मेन स्विचबद्दल विचारायचं त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. देवळात देवावर हात ठेवून मी ते वाक्य म्हणू शकले असते, आणि त्या वाक्याने मी एका बाईची एकोणीस वर्षं खोटी ठरवली. कारण एकदा एक आकडा मनाचा निघाला, की मागचे सगळेच संशयात. सरांनी ती रजिस्टरं बाजूला काढून ठेवली आणि काकीला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. शेवाळ खरवडायलासुद्धा नाही.

दहा दिवसांनी मी सह्यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला गेले होते. एसटीत शेजारी बसलेला माणूस आमच्या खाडीला मिळणाऱ्या नदीवरच्या धरणावर कामाला होता. बोलता बोलता म्हणाला, दरवाजाची दुरुस्ती निघाली म्हणून पाणी सोडावं लागलं होतं, दोन दिवस. कधी, असं मी विचारलं नाही. त्यानेच सांगितलं.

आता हातात पुरावाही होता. सांगितलं? नाही. सहा महिने पुरे झाले, मी कायम झाले, पेढे वाटले. काकीच्या घरीही दिले. तिने घेतले.

थांबा, अजून संपलं नाही. मी एवढा वेळ मागे ठेवलं ते वेगळंच आहे.

कामावरून काढल्यानंतर दुसऱ्या दिवशी काकी पेटी परत द्यायला आली होती. सर नव्हते, मी एकटीच. तिने टॉवेल सोडला, थर्मामीटर, नळी, किल्ली, सगळं टेबलावर ओळीने मांडलं. टॉवेलाची घडी घातली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, जेटीवरचो बल्ब तीनय दिस बंद होतो. मी बघलंय, होडयेतसून."



तिला ठाऊक होतं. मेन बंद म्हणजे बल्ब बंद, मेन बंद म्हणजे यंत्र बंद — एकोणीस वर्षं त्या जेटीवर काढलेल्या बाईला हे कुणी शिकवायला हवं होतं का? सरांपुढे हे एक वाक्य बोलली असती तर माझा निकाल तिथेच लागला असता. बोलली नाही. का बोलली नाही ते मी तिला कधी विचारलं नाही. मला एवढंच दिसलं, की तिने ते वाक्य माझ्यासाठी राखून ठेवलं होतं, आणि सर नसताना माझ्यासमोर आणून ठेवलं होतं — त्या नळीशेजारी, त्या किल्लीशेजारी. उचल म्हणून.

मी काय केलं? जन्मापासून जिच्याशी मालवणीत बोलत आले, तिच्याशी मी त्या दिवशी ऑफिसातलं मराठी बोलले. म्हटलं, "दिवसाउजेडी एवढ्या लांबून बल्ब चालू आहे की बंद, ते कसं दिसणार काकी?"

 "बरा," ती म्हणाली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि गेली.

आकडे मी घाबरून बनवले. सरांपुढे नोकरीसाठी बोलले. पण या वेळी खोलीत कुणी नव्हतं, कुणी विचारत नव्हतं, मला वाचवायला ती स्वतः आली होती — आणि मी तिच्या डोळ्यांनाही खोटं ठरवलं. याला भीती म्हणू? म्हणवत नाही. मला तेव्हा भीती वाटतच नव्हती. मला जिंकायचं होतं.

काकी आता बांद्याला लेकीकडे असते. बरीच वर्षं काजूच्या कारखान्यात बी फोडायला जायची, त्या तेलाने हात काळे झालेत असं ऐकलं. ज्या बोटाने ती पाणी चाखायची, तेही. मी तिकडे गेलेले नाही. बस थेट जाते. पण तिच्या दारात जाऊन उभी राहिले तर ती मला बस म्हणेल, चहा करेल, आणि मी तो पिऊन हलकी होऊन परत येईन. तेवढं मला करायचं नाही.

मुख्य कार्यालयाला मी मागच्या आठवड्यात पत्र पाठवलंय. त्या चारशे बत्तीस ओळी माझ्या, खोट्या, त्या काढाव्यात आणि त्या जागी काकीच्या रजिस्टरातले नऊ आकडे घ्यावेत. तिच्या नावानिशी. रजिस्टर मी जपून ठेवलं होतं, त्याची प्रत सोबत जोडली. ही फेड नव्हे. नोंद चुकीची होती, ती दुरुस्त केली, एवढंच. आज केंद्र माझ्याच ताब्यात आहे. ते घेतील तर घेऊ देत. गावात लोक काय म्हणतील, तेही मला ठाऊक आहे. म्हणू देत.

यंदा पुन्हा गावपळण झाली. मी केंद्राला कुलूप लावलं, मेनला हात लावला नाही. आणि या वेळी आमच्या नेहमीच्या जागी खोप न घालता पलीकडच्या तीरावर घातली. दुसऱ्या दिवशी बरोबर बारा वाजता एक होडी मागून घेतली आणि वल्हवत मधोमध गेले. डोक्यावर ऊन, पाण्यावर चमक, डोळे उघडवत नव्हते. शिवेच्या अलीकडे थांबले, हात कपाळावर धरला आणि जेटीकडे बघितलं.

दिसतो.